लिनक्स टाकण्याआधी चालवून पाहा: लाइव्ह डीव्हीडी आणि पेनड्राइव्हची वाट

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) लागतं आणि ठरावीक पिढीपुढचाच प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट चालणारे कितीतरी लॅपटॉप मधल्या मध्ये लटकले आहेत. अशा मशीनचे मालक विचारतात, "लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकू का?" माझं उत्तर ठरलेलं आहे. टाकायचं की नाही ते नंतर ठरवा, आधी चालवून पाहा. त्यासाठी विंडोज काढावं लागत नाही, पार्टिशन (हार्ड डिस्कचे वेगळे भाग) करावं लागत नाही, दुकानात मशीन न्यावं लागत नाही. एक कोरी डीव्हीडी किंवा ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि एक मोकळी दुपार एवढं पुरतं.

बहुतेक नवखे लोक इथेच एक चूक करतात. लाइव्ह लिनक्स, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट चालणारं लिनक्स, सुरू होतं, वॉलपेपर छान दिसतो, दोन-चार मेनू उघडून पाहतात आणि 'आवडलं' किंवा 'नाही आवडलं' असं ठरवून टाकतात. खरं तर ही चाचणी लिनक्स कसं दिसतं याची नसते, तुमच्या मशीनवर ते नीट चालतं का याची असते. वायफाय मिळतं का, झाकण लावून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, प्रिंटर ओळखला जातो का, मराठी टाइप होतं का, हे पाहायचं. ते कसं, ते खाली क्रमाने सांगतो.

लाइव्ह म्हणजे नेमकं काय होतं

एरवी संगणक सुरू झाला की हार्ड डिस्कवरची ऑपरेटिंग सिस्टीम उचलतो. लाइव्ह डिस्क लावली की तो हार्ड डिस्कऐवजी डीव्हीडी किंवा पेनड्राइव्हवरची सिस्टीम उचलतो. डिस्कवर सगळं दाबून भरलेल्या स्वरूपात असतं, लागेल तो भाग उलगडून रॅममध्ये येतो. तुम्ही केलेले बदल, म्हणजे नवी फाइल, बदललेली सेटिंग, टाकलेलं एखादं सॉफ्टवेअर, हे सगळं रॅममध्येच राहतं. मशीन बंद केलं की ते पुसलं जातं आणि पुढच्या वेळी सिस्टीम पुन्हा कोरी सुरू होते.

ही कल्पना जुनी आहे. १९९२ मध्ये यग्द्रासिल नावाचं लिनक्स सीडीवरून चालायचं. पण सामान्य माणसापर्यंत ती पोचवली ती जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांच्या नॉपिक्सने. २००० साली आलेल्या नॉपिक्समध्ये साधारण २ जीबी सॉफ्टवेअर ७०० एमबीच्या एका सीडीत दाबून बसवलेलं असायचं, आणि साउंड कार्डापासून ग्राफिक्सपर्यंतचं हार्डवेअर ती आपली आपण ओळखायची. बंद पडलेल्या विंडोजमधून फाइली सोडवायला ती सीडी कित्येक दुरुस्तीवाल्यांच्या बॅगेत असायची. आज उबुंटू, मिंट, फेडोरा यांच्या इन्स्टॉल डिस्कवरच लाइव्ह सोय असते, वेगळं काही शोधावं लागत नाही.

कोणतं लिनक्स घ्यायचं

पहिल्यांदा पाहत असाल तर मी लिनक्स मिंट सुचवेन. मेनू खाली डाव्या कोपऱ्यात, खिडक्या बंद करायचं बटण उजवीकडे, विंडोजची सवय असलेल्याला फार शोधावं लागत नाही. मिंटची २२ ही मालिका २०२९ पर्यंत अपडेट मिळवणार आहे. त्यातही सिनॅमन आणि जरा हलकी एक्सएफसीई अशा आवृत्त्या आहेत. ८ जीबी रॅम असेल तर सिनॅमन घ्या, ४ जीबी किंवा कमी असेल तर एक्सएफसीई. आणखी एक कारण म्हणजे मिंटची आयएसओ फाइल (अख्खी डिस्क एकाच फाइलीत असते ती) ३ जीबीच्या आसपास असते, म्हणून साध्या ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर मावते. उबुंटू २४.०४ ची फाइल जवळपास ६ जीबी आहे, ती साध्या डीव्हीडीवर मावतच नाही, तिला पेनड्राइव्हच लागतो.

मशीन फारच जुनं असेल, १ किंवा २ जीबी रॅमचं, तर पपी लिनक्स पाहा. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेलं हे लिनक्स काहीशे एमबीत बसतं आणि शक्य असेल तेव्हा सगळंच्या सगळं रॅममध्ये चढतं, त्यामुळे जुन्या मशीनवरही चटपटीत वाटतं. ३२ बिट प्रोसेसर असेल तर पपीची ३२ बिट आवृत्तीही मिळते. मिंटची मुख्य आवृत्ती मात्र आता फक्त ६४ बिटची आहे. टेल्स हे लिनक्स वेगळ्याच कामाचं. ते सगळा संपर्क ओळख लपवणाऱ्या टोर नेटवर्कमधून नेतं आणि बंद होताना रॅमही पुसून जातं. पत्रकार आणि कार्यकर्त्यांसाठी ते मोलाचं आहे, पण लिनक्सची पहिली ओळख म्हणून ते घेऊ नका. ॲपलच्या एम मालिकेच्या चिपवर चालणाऱ्या मॅकवर यातल्या नेहमीच्या आयएसओ चालत नाहीत, तेव्हा खाली लिहिलंय ते इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरच्या मशीनसाठी समजा.

फाइल उतरवा आणि तपासा

आयएसओ फाइल त्या लिनक्सच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच घ्या. उतरवल्यावर ती तपासायचा कंटाळा करू नका, आणि हे मी केवळ रीत म्हणून सांगत नाही. २० फेब्रुवारी २०१६ रोजी मिंटची वेबसाइट हॅक झाली आणि मिंट १७.३ सिनॅमनच्या डाउनलोडची लिंक बदलून लोकांना चोरवाट ठेवलेली आयएसओ दिली गेली. मिंटच्या लोकांनी ते स्वतः जाहीर केलं आणि साइट बंद करून दुरुस्त केली. शिवाय आपल्याकडे मोबाइलच्या डेटावर ३ जीबी उतरवताना फाइल मध्येच तुटण्याचीही शक्यता असते, आणि तुटकी आयएसओ अर्ध्यावर अडकते तेव्हा माणूस मशीनला दोष देत बसतो.

तपासणी सोपी आहे. डाउनलोडच्या पानावर किंवा तिथून जोडलेल्या फाइलीत प्रत्येक आयएसओसाठी एसएचए-२५६ ची ६४ अक्षरांची ओळ, म्हणजे त्या फाइलीचा जणू अंगठ्याचा ठसा, दिलेली असते. विंडोजमध्ये सेव्हन-झिप (झिप फाइली उघडणारं सॉफ्टवेअर) टाकलेलं असेल तर आयएसओवर राइट क्लिक करा, सीआरसी एसएचए मध्ये जाऊन एसएचए-२५६ निवडा. विंडोज ११ मध्ये आधी 'शो मोअर ऑप्शन्स' करावं लागतं. आलेली ओळ आणि पानावरची ओळ तंतोतंत जुळली पाहिजे. एक अक्षर जरी वेगळं असेल तरी ती फाइल टाकून द्या आणि पुन्हा उतरवा. साइटच हॅक झाली तर ती ओळही बदलली जाऊ शकते. म्हणून मिंट त्या ओळींच्या फाइलवर जीपीजी सही (बनावट करता न येणारी डिजिटल सही) देतं. काम महत्त्वाचं असेल तर तीही पडताळा, कृती त्यांच्याच साइटवर आहे.

डीव्हीडी की पेनड्राइव्ह

पेनड्राइव्ह वेगवान असतो, पुन्हा वापरता येतो आणि आजच्या बहुतेक लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्हच नसतो. तरीही डीव्हीडीचा एक गुण मला फार आवडतो: एकदा लिहिलेल्या डीव्हीडी-आरवर नंतर कुणी काही लिहू शकत नाही, व्हायरसही नाही. दुसऱ्याच्या संशयास्पद मशीनला लावायची डिस्क म्हणून ती उत्तम. तोटा म्हणजे वेग. डीव्हीडीवरून सुरू व्हायला काही मिनिटं लागतात आणि प्रत्येक प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडताना ड्राइव्ह घरघरतो. त्यावरून 'लिनक्स संथ आहे' असं ठरवू नका. तो वेग ड्राइव्हचा असतो.

डीव्हीडी लिहायची तर विंडोजमध्ये आयएसओवर राइट क्लिक करून 'बर्न डिस्क इमेज' निवडा आणि लिहून झाल्यावर पडताळण्याच्या चौकोनात खूण करा. कधी कधी हा पर्याय दिसत नाही, कारण सेव्हन-झिप किंवा विनआरएआरने आयएसओ फाइली आपल्याकडे घेतलेल्या असतात. अशा वेळी 'ओपन विथ' मधून विंडोज डिस्क इमेज बर्नर निवडा. आयएसओ फाइल नुसती ओढून डीव्हीडीवर टाकली तर ती डिस्क सुरू होणार नाही. झालेली डिस्क उघडून पाहा: आत एकच आयएसओ फाइल दिसली तर चुकलं, कॅस्पर, बूट, ईएफआय अशी फोल्डरं दिसली तर बरोबर.

पेनड्राइव्हसाठी विंडोजवर रुफस हे छोटं, मोफत सॉफ्टवेअर वापरा. वर 'डिव्हाइस' मध्ये पेनड्राइव्ह, खाली 'सिलेक्ट' ने आयएसओ, बाकी आहे तसं ठेवून 'स्टार्ट'. आयएसओ मोड की डीडी मोड असं विचारलं तर आयएसओ मोड घ्या. त्याने बनवलेला पेनड्राइव्ह सुरूच झाला नाही, तर डीडी मोडने पुन्हा करून पाहा. स्टार्ट दाबण्याआधी डिव्हाइसचं नाव आणि क्षमता वाचा, कारण त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे. कुटुंबाच्या फोटोंची बाहेरची हार्ड डिस्क त्या वेळी मशीनला लावलेलीच नसावी, हे सगळ्यात बरं. स्वस्तात मिळणारे काही पेनड्राइव्ह ६४ जीबी म्हणून विकले जातात आणि आत त्याच्या अंशानेही जागा नसते, त्यांवर लिहिलेलं अर्धवट राहतं. विश्वासाच्या दुकानातून साधा १६ जीबीचा घेतला तरी भागतं.

सुरू करण्याआधी विंडोजकडे लक्ष द्या

काही लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) मालकाच्या नकळत चालू असतं. मशीनच्या बूट (सुरू होण्याच्या) सेटिंगमध्ये काही बदललं की विंडोज पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती की सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. तिथे जाऊन आधीच ती कागदावर उतरवून ठेवा. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि ते न केल्यामुळे घाबरगुंडी उडालेली माणसं मी पाहिली आहेत.

दुसरं, विंडोज पूर्ण बंद करा. आजचं विंडोज 'शट डाउन' म्हटलं तरी फास्ट स्टार्टअपमुळे अर्धवट झोपतं आणि आपली डिस्क अडवून ठेवतं. शिफ्टची कळ दाबून धरून शट डाउन केलं की ते खरोखर बंद होतं. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत बाहेर काढून ठेवा, हे तर कुठल्याही दिवशी खरं.

बूट मेनू

पेनड्राइव्ह लावा, मशीन सुरू करा आणि कंपनीचं चिन्ह दिसताक्षणी बूट मेनूची (कशावरून सुरू करायचं त्या यादीची) कळ पुन्हा पुन्हा दाबा. डेल आणि बऱ्याच लेनोवोंवर एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९, आसुसच्या लॅपटॉपवर एस्केप, एमएसआयवर एफ११. एसरवर एफ१२ आहे, पण ती बरेचदा बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन आधी चालू करावी लागते. काही लॅपटॉपवर सोबत एफएनही दाबावी लागते. कळ सापडतच नसेल तर विंडोजमधूनच जा: शिफ्ट धरून 'रीस्टार्ट' करा, निळ्या पडद्यावर 'यूज अ डिव्हाइस' दिसलं तर त्यात पेनड्राइव्ह निवडा.

यादीत पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर ज्याच्यापुढे यूईएफआय (मशीन सुरू करायची नवी पद्धत) लिहिलंय तो घ्या. मिंट, उबुंटू, फेडोरा यांना सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टीम सुरू होऊ न देणारी सोय) चालतं, तेव्हा ते बंद करायची सहसा गरज पडत नाही. पपीसारख्या छोट्या लिनक्सना ते बंद करावं लागू शकतं. तसं केलंत तर चाचणी संपल्यावर पुन्हा चालू करा, आणि वरची रिकव्हरी की हाताशी ठेवा.

मिंटचा मेनू आला की पहिली ओळ निवडून एंटर. पडदा काळाच राहिला, किंवा चिन्हावर अडकून बसला, तर पुन्हा सुरू करून 'कॉम्पॅटिबिलिटी मोड' ची ओळ घ्या. ग्राफिक्स कार्डाशी न जुळण्याचे बहुतेक प्रश्न त्याने सुटतात. थोडा वेळ मशीन सोडून आलात आणि पासवर्ड मागत असेल तर नाव 'मिंट' आणि पासवर्ड कोरा, नुसतं एंटर.

आता खरी चाचणी

डेस्कटॉपवर 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' असं चिन्ह दिसेल. त्याला आज हात लावू नका. हार्ड डिस्कला धोका होण्याच्या जागा तीनच आहेत: हे चिन्ह, 'डिस्क्स' किंवा 'जीपार्टेड' सारखे पार्टिशनचे प्रोग्रॅम, आणि फाइल मॅनेजरमधून विंडोजची ड्राइव्ह उघडून तिथे काही पुसणं किंवा बदलणं. या तिन्हींपासून लांब राहिलात तर बाकी कुठेही बिनधास्त क्लिक करा. बिघडलंच काही तर बंद करून पुन्हा सुरू करा, सगळं पहिल्यासारखं असेल.

आधी वायफाय. खाली उजव्या कोपऱ्यात नेटवर्कचं चिन्ह आहे, त्यात घरचं वायफाय दिसतं का पाहा. ब्रॉडकॉमच्या काही चिप असलेल्या जुन्या लॅपटॉपवर ते दिसत नाही. तेव्हा फोन यूएसबी केबलने लावा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्स ते लगेच केबलचं नेटवर्क म्हणून ओळखतं. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून वायफायचा ड्रायव्हर मिळतो का पाहा.

मग आवाज, माइक, कॅमेरा. फायरफॉक्समध्ये एक व्हिडिओ पूर्ण पडद्यावर लावा आणि एखाद्या व्हिडिओ कॉलच्या साइटवर स्वतःला पाहा, ऐका. ब्राइटनेस आणि आवाजाच्या कळा दाबा. ब्लूटूथचे हेडफोन जोडा. झाकण लावा, दोन मिनिटांनी उघडा. झोपवलेलं मशीन नीट जागं होतं का ही कसोटी लॅपटॉपसाठी सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच लोक विसरतात. प्रिंटर वायफायचा असेल तर तो बरेचदा आपोआप यादीत येतो, एक पान छापून पाहा.

आता मराठी. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटच्या यादीत नवा लेआउट जोडा. तिथे मराठीचे दोन पर्याय मिळतात, एन्हान्स्ड इन्स्क्रिप्ट आणि कागपा फोनेटिक. इन्स्क्रिप्टची सवय असेल तर पहिला घ्या. रोमन स्पेलिंगच्या अंदाजाने टाइप करत असाल तर दुसरा जवळचा वाटेल, पण विंडोजवर किंवा फोनवर वापरता ती पद्धत आणि ही तंतोतंत एक नाही, थोडा सराव लागतो. लिबरऑफिस रायटर उघडून 'कृष्णाकाठच्या ज्ञानेश्वरी' अशी जोडाक्षरांची ओळ लिहा, अक्षरं तुटत नाहीत ना ते पाहा. नंतर विंडोजच्या ड्राइव्हमधून तुमच्या खऱ्या कामाच्या दोन-तीन वर्ड फाइलींच्या प्रती डेस्कटॉपवर घ्या आणि त्या उघडा. युनिकोडमध्ये लिहिलेलं मराठी नीट दिसेल. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या, नॉन-युनिकोड फॉन्टमधला मजकूर मात्र तो फॉन्ट नसेल तर अगम्य चिन्हांत दिसतो. छापखाना, वकिली, शाळेचं ऑफिस अशा ठिकाणी जुन्या फाइलींचा मोठा साठा त्याच फॉन्टांत असतो. तो रोज लागत असेल तर विंडोज पूर्ण काढण्याचा विचार करू नका. टॅली किंवा डिजिटल सहीच्या डोंगलवर रोजचं काम अवलंबून असेल तरी हेच सांगेन.

रॅमची मर्यादाही लक्षात असू द्या. या चाचणीत सॉफ्टवेअर टाकलं की तेही रॅममध्येच बसतं. ४ जीबीच्या मशीनवर ब्राउझरचे वीस टॅब उघडून वर मोठं सॉफ्टवेअर टाकलं तर सगळं गोठेल. मशीनमध्ये नीट इन्स्टॉल केलेलं लिनक्स यापेक्षा बरंच मोकळं चालतं.

विंडोजची ड्राइव्ह पासवर्ड न विचारताच उघडली, हे तुमच्या लक्षात आलं असेल. याचा एक अर्थ चांगला आहे: उद्या विंडोज सुरूच झालं नाही तर याच डिस्कने फाइली बाहेरच्या ड्राइव्हवर काढता येतील. दुसरा अर्थ असा की तुमचा लॅपटॉप ज्याच्या हाती पडेल त्यालाही त्या तशाच वाचता येतील. विंडोजचा लॉगिन पासवर्ड फाइलींचं रक्षण करत नाही, एन्क्रिप्शन करतं. ड्राइव्ह उघडताना लिनक्सने की मागितली तर समजा, तुमच्याकडे ते आधीच चालू आहे.

काम टिकवायचं असेल तर

काही दिवस याच पेनड्राइव्हवर वापरून पाहायचं असेल तर रुफसमध्ये उबुंटू किंवा मिंटची आयएसओ निवडल्यावर पर्सिस्टंट पार्टिशनची (बदल जपून ठेवणाऱ्या भागाची) पट्टी येते. ती ४ जीबीपर्यंत सरकवली तर वायफायचा पासवर्ड, मराठी लेआउट, फाइली पुढच्या वेळीही राहतात. अनेक लिनक्स एकाच पेनड्राइव्हवर ठेवायची असतील तर व्हेंटॉय वापरा. त्यात आयएसओ फाइली नुसत्या कॉपी करायच्या आणि सुरू करताना यादीतून हवी ती निवडायची. पेनड्राइव्हवर रोजचं लिखाण जपून ठेवण्यावर मात्र फार विसंबू नका, सतत लिहिण्याने साधे पेनड्राइव्ह लवकर दगावतात.

बंद करताना

मेनूमधून शट डाउन करा. डिस्क काढून एंटर दाबा असा संदेश येतो, तसं करा. पुढच्या वेळी विंडोज पहिल्यासारखं सुरू होईल, फक्त घड्याळ साडेपाच तास मागे दिसू शकतं. लिनक्स मशीनच्या आतल्या घड्याळात जागतिक वेळ धरतं आणि विंडोज स्थानिक वेळ, त्यातून भारतात बरोबर ५ तास ३० मिनिटांचा फरक पडतो. विंडोजच्या वेळेच्या सेटिंगमध्ये 'सिंक नाऊ' दाबलं की ते जुळतं.

पेनड्राइव्ह परत साध्या कामाला घ्यायचा असेल आणि विंडोजमध्ये तो अचानक काही एमबीचाच दिसत असेल, तर तो खराब झालेला नाही, त्यावर लिनक्सचे छोटे भाग पडलेले आहेत. रुफस उघडा, 'बूट सिलेक्शन' मध्ये 'नॉन बूटेबल' निवडा, स्टार्ट दाबा. पूर्ण जागा परत मिळेल.